खंडोबाच्या वाराचं दूध

सांगोल्याकडच्या आमच्या माळावर मेंढरं चरायची. सरकारला त्या माळाचा एकाएकी फार कळवळा आला. त्याला तारेचं कुंपण पडलं, आत गवत पेरलं गेलं आणि आम्हा मेंढरं राखणाऱ्यांच्या दावणीला सरकारी गाई आल्या. आता तुम्ही माणसांत आलात, असं सोलापूरचे साहेब म्हणाले. जशी काही आजवर आम्ही माळावर बसून माशाच मारत होतो!

पहिलं दूध शहरात धाडायचा सोहळा साहेबांनी रविवारी ठेवला. वार ठरवताना आम्हाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. रविवार खंडोबाचा. त्या दिवशी आमच्यात दूध विकत नाहीत. मागेल त्याला फुकट देतात.

साहेब मोटारीतून आमच्या दारात उतरले, तेव्हा त्यांच्या चकचकीत किटल्यांत थेंब नव्हता. लालबुंद झाले. म्हणे अडाणी, म्हणे नतद्रष्ट, म्हणे तुमचं भलं करायला जाणंच चूक. मी घरातली नवी सून, दाराआड पदर तोंडात धरून हसू दाबत होते.

सासऱ्यांनी दुधानं भरलेली चरवी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"आज इकत न्हाय, सायेब. पर मागंल त्याला न्हाय म्हनत न्हाय. मागा की, समदं न्या."

साहेब एवढे शिकलेले, पण मागणं काही त्यांच्या तोंडून निघेना. निघणार कसं? आमचा माळ घेताना तरी त्यांनी कुठं मागितला होता?