लिंबूच्या झाडावरची लाख

मी शाळेत तिसरीपर्यंतच गेलो, पण लाखेचं काम आरमोरीकडच्या आमच्या गावात माझ्याएवढं कोणालाच येत नव्हतं. हे मी आजही सांगतो. पळसाच्या फांदीवर किडे पिकले की ती फांदी तोडायची, तुकड्यांच्या जुड्या करून नव्या झाडाला बांधायच्या. बारीक पिल्लं आपली आपण कोवळ्या डहाळीवर चढतात. तेच बीज.

ऐंशी सालानंतरची दोन-चार वर्षं गेली असतील. आखाडात अंगणातल्या लिंबूच्या झाडावर गुलाबी-पांढऱ्या गाठी दिसल्या. फांदीवर मुंग्या, पानांवर काजळी. लाखेच्या झाडाचंही असंच होतं. लिंबूवर लाख धरणारा मीच पहिला, म्हणून माझी छाती फुगली.

ते रोप बायकोनं भामरागडाकडून, माहेराहून आणलेलं. ती म्हणाली, "झाड सुकून राह्यलं. रोग हाय तो. राकेल-साबनाच्या पान्यानं पुसून घेऊ."

"हात लावू नको! तुले लाखेतलं काय समजते?"

"मंग चुलीवर धरून पाहा ना. लाख असन तर तार निघन."

"माह्या डोळ्यावर भरोसा नाई काय?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लिंबूच्या त्या फांद्या तोडून जुड्या केल्या आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या भावाच्या वाडीत गेलो. त्याची लिंबूची तीन झाडं होती. तो स्वतः सुतळी पुरवत होता, एक जुडी तर त्यानंच बांधली. माझं नाव होणार, त्याचंही होणार.

घरी आलो तर बायको चुलीपाशी. तिनं लिंबूची एक काडी जाळावर धरली. गाठ मेणबत्तीसारखी वितळली आणि राखेत गळली. खरी लाख ओढली की तार निघते, थंड झाली की दगडासारखी होते. मी थेंब बोटावर घेतला. नुसता चिकट ओशटपणा.

"बांधून आले काय?" तिनं विचारलं. "तिन्ही झाडांले?"

मी चपला न घालताच परत वाडीकडं निघालो. ऊन तापलं की पिल्लं चालायला लागतात, हे मलाच ठाऊक होतं.

"काऊन सोडून राह्यला रे?" मी पहिली जुडी सोडत होतो, तर भाऊ मागून ओरडला.

"बीज कच्चं हाय, भाऊ."

दोन झाडं मोकळी केली. तिसऱ्यावर त्यानं जुडी मुठीत धरली. "हे राहू दे. इथीच पिकन."

"सोड म्हनतो ना!"

"समजलं. नाव तुह्या एकट्याचंच व्हावं. भावाच्या झाडाले बीज द्याले जिवावर येते तुह्या!"

त्याच्या बोटांवर मोहरीहून बारीक लालसर ठिपके चालत होते. काही सालीवरही उतरले होते. तो माझ्याच तोंडाकडं बघत होता, स्वतःच्या हाताकडं नाही. चूक कबूल करायची मला सवय नव्हती.

"भाऊ, लाख नाई ते. रोग हाय. बायकोनं सांगतलं होतं, मी ऐकलं नाई."

त्यानं हात झटकला. मग घरात जाऊन विळा आणला आणि माझ्या हातात दिला.

"जिथी जिथी बांधलं, ते सारं तोड."

तिसऱ्या झाडाच्या त्या फांदीला लिंबं लागली होती. ती फांदीही तोडली. तो सारा वेळ बाजूला उभा राहून बघत होता.