वानरांसाठी वाजवलेलं डफडं

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. तुमच्यानं ते होणार नाही म्हणा, पण चहा संपेपर्यंत तरी दम धरा!

त्या दिवशी शिरपूरहून मला पाहायला पाहुणे येणार होते. हो हो, मलाच! शेती करणाऱ्या पोराला हल्ली कुठं मुलगी दाखवतात? मुलीकडचेच येऊन आधी त्याची शेती बघतात. घरात आम्ही बापलेक दोघंच. बाबा नुकतेच वाशीमच्या दवाखान्यातून घरी आलेले आणि त्यांचा एकच जप, "विज्या, माह्या डोयादेखत तुह्यं जमलं पाह्यजे." दाखवायला होती ती घरामागची वांग्याची वाडी. काय लगडली होती, मीच तिची दृष्ट काढावी अशी!

आणि नेमकी त्याच सकाळी वानरांची टोळी आली. ओरडलो, दगड भिरकावले, फटाके फोडले. छे! आमची वानरं फटाक्यांना केव्हाच सरावलीत. शेवटी संपतदादाच्या घरी धावलो. गावात लग्न असो, पोळा असो, डफडं त्याचंच. तो मालेगावला गेलेला. वहिनीनं खुंटीवरचं जुनं डफडं काढून दिलं आणि बजावलं, "शेकून घ्या भाऊजी, थंडं कातडं बोलत नाही."

जाळावर शेकलं तर कातडं असं ताणलं, की बोट लागताच खणखणलं. पण वाजवायचं काय? तालाशी माझा जन्मात संबंध नाही. एक ठेका मात्र मागे कुठंतरी ऐकला होता, तो डोक्यातून जात नव्हता. एक ठोका, मग थांबा. दोन ठोके, मग थांबा. मोठा भारदस्त! तोच धरला. वानरं पहिल्या फेरीतच नाल्यापार! मग मला असा काही चेव आला, की डोळे मिटून बडवतच सुटलो. कलाकारच झालो म्हणा ना!

घामाघूम होऊन घराकडे वळलो आणि बघतो तर काय, अंगणात अख्खं गाव! पुरुष मान खाली घालून बसलेले, बाया ओट्यावर रडताहेत, एक जण तिरडीसाठी बांबू घेऊन उभा. शेजारची कमलकाकू मला पाहताच गळ्यात पडली.

"विज्या रे! सोन्यासारखा मानूस गेला रे!"

बाबा? सकाळी तर चहा पिऊन धडधाकट बसले होते! मी अंगणातच लोळण घेतली आणि असा हंबरडा फोडला, की ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही फिटली.

"शेवटी काही बोल्ले काय रे?" कोणीतरी हळूच विचारलं.

"वांग्यायकडे ध्यान ठेव म्हने..." मी हुंदके देत सांगितलं. बाया आणखीच रडायला लागल्या. आत जाऊन बघायचा धीर अजून कोणालाच झाला नव्हता; मी दाराकडे धावलो, तर दोघांनी मला धरून ठेवलं. "नोको जाऊ, तुह्यानं पाहवनार नाही."

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा! गुळगुळीत दाढी, नवी टोपी, आणि मागे शिरपूरचे पाहुणे. दाढीला गेले होते, तिथून पाहुण्यांना उतरवून घ्यायला स्टँडवर.

"काहून रडून राह्यले रे? कोन गेलं?"

मला मातीनं माखून रडताना पाहून बाबांचाही चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले. "अरे, सांगा ना! आपल्यातलं कोन गेलं?"

"बाबा, तुमीच!" मी ओरडलो.

बांबूवाल्याच्या हातून बांबू पडला. मी काकूकडे वळलो, "काकू, तुमाले सांगतलं कोनं?"

"कोनं म्हंजे? तूच तं सांगतलं, डफडं वाजून!"

आणि मला आठवलं हो, तो ठेका कुठं ऐकला होता ते! मागच्याच आठवड्यात, शेजारच्या आळीतल्या आजोबांना नेताना. वरातीचा ठेका उडता असतो, पोळ्याचा नाचरा. हा मात्र कानावर आला की गावात कोणी काही विचारत बसत नाही, चपला घालून निघतात. त्यात बाबा दवाखान्यातून आलेले. अजून काय पाहिजे?

संपलं, म्हटलं. जित्या माणसासाठी रडणाऱ्या घरी मुलगी कोण देईल? मुलीच्या वडिलांनी चहा घेतला. वाडीत फिरून आले, एक वांगं तोडून निरखून पाहिलं.

मग ते बाबांना म्हणाले, "तुमच्यासाठी एवढं गाव रडलं, पोरगं तं मातीत लोळलं. आमाले घर पसंत हाय."

बाबांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

एवढ्यात ते माझ्याकडे वळले. त्या सगळ्या गोंधळात डफडं माझ्या गळ्यातच लटकत होतं. ते त्यांनी अलगद काढून घेतलं आणि म्हणाले, "फक्त एक अट हाय, जावईबापू. लग्नातलं वाजंत्री आमच्याकडून. तुमी हात लावाचा नाही!"