पप्पांचं न्यूकॅसल

एका फ्लॅटमध्ये पाच विद्यार्थी आणि एकच बाथरूम असली, की किस्से शोधावे लागत नाहीत. ते रांगेतच उभे असतात. तेव्हा हॅरिस पार्क या आमच्या उपनगरातला दर दुसरा फ्लॅट असाच होता. बाकीचे किस्से मी विसरलो. आमच्या पाचांतल्या सावियोच्या पप्पांचे मात्र पाठ आहेत.

पप्पा वसईहून मुलाच्या ग्रॅज्युएशनला आले होते. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेला, त्यामुळे कमी ऐकू यायचं. आमचा रूममेट मिलिंद ऑपेरा हाउसचा बेत आखायला लागला, तर म्हणाले, "न्यूकॅसल दाखवा."

"तिथे काय आहे, पप्पा?"

"कोळसा."

त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी, ट्रेनने काही तासांवरच्या त्या बंदराला निघालो. सावियोची संध्याकाळी पेट्रोल पंपावर शिफ्ट होती. ही चुकली तर पुन्हा येऊ नकोस, असं मॅनेजरने बजावलं होतं.

*

ट्रेनमध्ये नेमके क्वाएट कॅरेजमध्ये, म्हणजे आवाज न करायच्या डब्यात बसलो. प्रवास म्हटल्यावर मिलिंदने पुरी-भाजी आणलेलीच. पप्पा ती इंजिनरूमच्या आवाजात सगळ्यांना वाढत होते. समोरच्या बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. पप्पांनी पाटी वाचली आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे वा! चांगला नियम आहे."

मग बाईंनाही एक पुरी दिली. त्यांनी ती निमूटपणे खाल्ली.

*

बंदरावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "फर्स्ट टाइम हिअर, मेट?"

"नो, नो. मेनी टाइम्स."

"हाउ डू यू लाइक द टाउन?"

"नेव्हर सॉ इट."

म्हाताऱ्याने पुन्हा गळाकडे लक्ष दिलं.

*

मिलिंदला राहवेना. "इतक्यांदा आलात आणि गाव पाहिलंच नाहीत?"

"कोळसा भरेपर्यंत इंजिनची दुरुस्ती. भरला की निघालो. इंजिनरूमला खिडकी नसते रे."

मग आम्ही त्यांना गाव दाखवलं. एका बेकरीत त्यांनी बन खाल्ला. "वसईसारखाच आहे," म्हणाले आणि फार खूश झाले.

*

ट्रेनची वेळ झाली म्हणून स्टेशनकडे निघालो, तेवढ्यात कोळशाने भरलेलं एक जहाज बंदराबाहेर पडायला लागलं. पप्पा थांबले आणि हात हलवायला लागले. डेकवरच्या खलाशानेही हात केला आणि तो आत गेला. पप्पांचा हात चालूच.

"पप्पा, ट्रेन जाईल," सावियो म्हणाला. "डेकवर कोणी नाहीये आता. कुणाला हात करताय?"

"खाली आहे ना, त्याला."

"त्याला दिसणार आहे का?"

"नाही."

सावियोने घड्याळ बघितलं. मग डब्याची पिशवी खाली ठेवली आणि त्यानेही हात वर केला.