अण्णांचा अंगठा

पंचवटीत गंगाधरअण्णांच्या ज्येष्ठमधाच्या वडीवर अंगठ्याचा खोलगट ठसा असायचा. कारण अगदी साधं. वडी आळली की नाही, हे अण्णा एकेक वडी दाबून बघत. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींनी मात्र तोच ठसा खरेपणाची खूण मानला. मंत्र म्हणून म्हणून घसा बसला की ते ठसा बघूनच वडी घेत.

अण्णा गेले तेव्हा वडीही गेली, असंच सगळे धरून चालले होते. तेरावा झाला आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई पदर खोचून चुलीपुढे बसल्या. मुळ्या उकळल्या, काढा गाळला, गूळ घालून आटवला. चव तीच आली, ठसा मात्र अरुंद उठला. अण्णांचा अंगठा होताच तसा पसरट! गिऱ्हाईक तुटेल या धास्तीनं बाईंनी युक्ती काढली. अंगठा टेकवायचा आणि हलकेच डावी-उजवीकडे डोलवायचा, की ठसा रुंद.

लोक कौतुकानं म्हणत, अण्णांचा हात अजून आहे बरं का या घरात. कुसुमताई हसत आणि मनात खट्टू होत. पाकिटावर ‘अण्णांचा अंगठा’ छापायला त्यांनीच सांगितलं होतं, आता तक्रार तरी कुणाकडे करणार?

यंदा संधिवातानं बोटं धरली आणि मुलानं, मयुरेशनं, यंत्र आणायचं ठरवलं. साच्यासाठी आईचा अंगठा मेणावर उठवायचा, पुढे सगळ्या वड्यांवर तोच. इतकी वर्षं वड्या दाबल्या आपण, आणि कायमचा उरणार तो डोलवून रुंद केलेला अण्णांचाच ठसा, हे काही कुसुमताईंच्या मनातून जाईना.

मेण समोर आलं. त्यांनी अंगठा टेकवला आणि सवयीनं डोलवला.

सून यशश्री शेजारीच वड्या गुंडाळत होती. लग्न होऊन आल्यापासून ती हे रोज बघत होती आणि कधी चकार शब्द बोलली नव्हती. तिनं हात पुसले आणि मेण पुन्हा सपाट केलं.

“आई, डोलवू नका. तुमचाच उठू दे.”

“लोक विचारतील गं, अण्णांचा कुठे गेला म्हणून.”

“सांगू की. अण्णांनी सुरू केली, तुम्ही चालवली.”

मयुरेश आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिला. त्याला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

कुसुमताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराला अंगठा पुसला, मेणावर ठेवला आणि न हलवता तसाच दाबून धरला.