पाच पोरांची बाटली

भिवंडीतल्या चार-पाच गल्ल्यांत लडकूला पेटीवाला म्हणूनच ओळखत. खांद्याला पट्ट्याने अडकवलेली निळी पेटी, पेटीत बर्फ आणि बर्फात लसीच्या बाटल्या. पुढे छत्री धरून दवाखान्याच्या नर्सबाई चालत आणि मागून लडकू. यंत्रमागांच्या खडखडाटात हाक कुणाला ऐकू जायची नाही, म्हणून तो दाराच्या कड्या वाजवत जाई. पेटी कुल्फीवाल्याच्या पेटीसारखी दिसे, त्यामुळे बारकी पोरं मागे लागत.

"चाचा, आज कौन सी है? मलाई?"

"सुईवाली," लडकू म्हणे, आणि गल्ली रिकामी होई.

तो मूळचा अंबाडीच्या अलीकडच्या एका गावचा. भाताची दोन खाचरं धाकट्या भावाकडे सोडून विशीत भिवंडीला लूमवर आला. बारा वर्षं माग चालवला. सुताची पिंज छातीत जाऊन बसली, खोकला हटेना, तेव्हा ओळखीच्या एका गुरुजींनी खटपट करून त्याला सरकारी दवाखान्यात शिपाई म्हणून चिकटवलं. सकाळी कारखान्यातून बर्फ आणायचा, सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळायच्या, रांग लावायची, एवढंच काम. पण ते त्याने देवपूजेसारखं केलं. त्याच्या आधीचा शिपाई खोकल्याचं औषध घरी न्यायचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. लडकूने दवाखान्यातला कापसाचा बोळासुद्धा कधी घरी नेला नाही. त्याच्या मुलाचा, हिरामणचा, लहानपणी गुडघा फुटला, तर याने घरची हळद दाबली. त्यावरून बायको, बायजाबाई, त्याला आयुष्यभर टोमणे मारत आली. "लोकांच्या पोरांना दवाखाना, आन आमच्या पोरांना हळदीचा डबा," ती म्हणायची. लडकू हसून सोडून द्यायचा. मनातून त्याला ते टोमणे आवडत असावेत.

नर्सबाईंचं नाव अनसूया, पण सगळे त्यांना माई म्हणत. भिवंडीतल्याच जुन्या, शिकल्यासवरल्या घरातल्या. बोलायला कडक, पण हात असा हलका की सुई टोचल्यावर मूल क्षणभर विचार करून मग रडे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी गोवराची लस सुरू झाली, नऊ महिने पुरे झालेल्या मुलांसाठी. तिची बाटली बाकीच्यांपेक्षा वेगळी. आत कोरडी पूड असे, तीत पाणी घालून ती कालवायची. एका बाटलीत पाच पोरांचं औषध. एकदा बाटली फोडली की चार तासांच्या आत संपवायची, उरेल ते फेकून द्यायचं. बाटल्या वरून मोजूनच येत. म्हणून माईंनी एक रीत घातली होती: निदान चार पोरं जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही. जमली नाहीत तर आयांना पुढच्या बुधवारी बोलवायचं. परत पाठवायचं काम लडकूचं. ते त्याला छान जमे. पोराच्या गालाला हात लावून, आईला दोन शब्द हिंदीत, दोन मराठीत सांगून तो असं परत पाठवी की बाई रागवायची नाही, आणि पुढच्या बुधवारी हमखास यायची.

सन नव्वदच्या माघात त्याची नात पमी नऊ महिन्यांची झाली. हिरामणची पहिली मुलगी. चार दात आलेले, आणि लडकूची टोपी ओढून तोंडात घालायची सवय. तिला गोवराची सुई द्यायची की नाही, यावरून घरात महिनाभर चाललं होतं. पमीला त्रिगुणी लसीच्या तिसऱ्या सुईनंतर मांडीवर गाठ आली होती. ती पिकली, कापावी लागली. सून तुळजा चार दिवस पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हाच तिने ठरवलं, आता पुन्हा सुई नाही. बायजाबाई तिच्याच बाजूची. गोवर म्हणजे देवीचा फेरा, तिचं म्हणणं, हिरामणला आली, त्याच्या बहिणीला आली, कडुलिंब घातला, फोडणी बंद ठेवली, गेली. हिरामणला विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही तिघं काय ते ठरवा, मला ड्युटीला जायचं आहे.

लडकू रोज थोडं थोडं बोलत राहिला. तुळजा दाराशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरी, तो समोर बसे. गल्लीतल्या शंभर बायांना पटवलेला माणूस, पण घरात त्याची जीभ अडखळे. शेवटी एके दिवशी त्याने युक्तिवाद सोडून दिले.

"गाठ आली ती मी बी पाह्यली," तो म्हणाला. "पण गाठ कापता येते, पोरी. गोवर छातीत उतरली की कापायला काय न्हाय."

तुळजाने हातातली कांडी भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मामा, तुमी हात धराल तिचा?"

"धरीन की."

तिच्या भावाचं लग्न होतं. गुरुवारी ती पोरीला घेऊन माहेरी जाणार होती, ती तीन आठवड्यांनी परतायची. लग्नघरात चार गावची पोरं येणार. म्हणून बुधवारीच सुई घेऊन टाकायची, असं ठरलं.

त्या बुधवारी रेशनच्या दुकानात रॉकेल आलं. पंधरा दिवसांनी आलेलं. सगळ्या बाया डबे घेऊन तिकडे रांगेत. दवाखान्याचा बाक रिकामा. अकराच्या सुमाराला बुरखा घेतलेली एक बाई नऊ-दहा महिन्यांचा मुलगा घेऊन आली. लडकूने नेहमीप्रमाणे पोराच्या गालाला हात लावला, आज पोरं नाहीत, पुढल्या बुधवारी ये म्हणून सांगितलं. ती गेली. ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत पोचली असेल-नसेल, तेवढ्यात समोरून तुळजा आली. पमीला नवं झबलं घातलेलं, गालाला तीट.

माईंनी आतून पाहिलं. "लडकू, ही तुझी नात ना? ये गं, बस इथे. फोडते मी बाटली."

लडकू पुढे झाला. "नको, माई."

"नको काय?"

"आत्ताच त्या बाईला मी परत लावली. माज्या घरची म्हणून फोडायची, हे बरं न्हाय दिसत."

"अरे, एका बाटलीने काय होतंय?"

"चार पोरांचं औषध गटारात जाईल, माई. ही काय, मागनं बी येईल."

तुळजा दोघांकडे बघत उभी होती. "मामा, मी उद्या गावाला चालले," ती हळूच म्हणाली.

"ठावं हाय मला. आलीस की घेऊ. दवाखाना हितंच हाय."

माईंनी हातातली बाटली क्षणभर तशीच धरली, मग बर्फात परत ठेवली. तुळजाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. सुईची भीती तिच्या मनातून गेली नव्हती, फक्त सासऱ्याच्या शब्दाखातर ती आली होती. सासऱ्यानेच नको म्हटल्यावर तिने पोरीला खांद्यावर टाकलं आणि भराभर घरी गेली. लडकूने सिरिंजा पुसून डब्यात ठेवल्या. त्या दिवशी त्याला स्वतःविषयी थोडं बरंच वाटलं होतं. हे पुढे त्याला सगळ्यात जास्त खाई.

तुळजाच्या माहेरी लग्न झालं. लग्नाला आलेल्या एका पोराच्या अंगावर तेव्हाच पुरळ होतं म्हणे. तिसऱ्या आठवड्यात दुधाच्या टेम्पोवरच्या माणसाबरोबर निरोप आला, पमीला गोवर आली आहे, काळजीचं नाही. लडकू त्याच टेम्पोतून उलटा गेला. खोलीची खिडकी गोधडीने झाकलेली, उशाला कडुलिंब, आणि कसलंही औषध द्यायचं नाही असा सगळ्यांचा निर्धार. बायका सांगत होत्या, अंगभर आली, छान बाहेर पडली, आता उतरेल. लडकूने झबलं वर केलं. दर श्वासाला पोरीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. असा खड्डा त्याने दवाखान्यात किती तरी पाहिला होता. त्याने कुणाला काही विचारलं नाही. पोरीला उचललं आणि चालू लागला. मागून तुळजा अनवाणी धावत आली.

भिवंडीत डॉक्टरांनी पाहून ठाण्याला पाठवलं. तिथे नळ्या लावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, लोक डबे उघडून जेवत होते तेव्हा, पमी गेली. हिरामण ड्युटीवरून थेट आला होता, त्याच्या केसांत सुताची पिंज होती. लडकूने कबूल केल्याप्रमाणे पोरीचा हात धरला होता. तो बराच वेळ त्याने सोडला नाही.

घरी आल्यावर बायजाबाई एकदाच बोलली. "अख्ख्या गावाची पोरं तुमाला दिसली," ती म्हणाली, आणि टोमणे मारायचे तिने कायमचे बंद केले. तुळजा ताटात भाकर वाढी, पाण्याचा तांब्या ठेवी, पदर सावरून आत जाई.

माईंनी त्याला एकदा बसवून सांगितलं, की लस दिल्यावर तिला जोर धरायला दहा-बारा दिवस लागतात, त्या बुधवारी दिली असती तरी काय झालं असतं कोण जाणे. लडकूने मान हलवली. चौथी शिकलेला माणूस, पण एवढं गणित त्याला येत होतं. बुधवार ते अंगावर पुरळ उठल्याचा दिवस, त्याने बोटांवर मोजले. वीस भरले. त्याने पुन्हा मोजले. मग त्याच्या मनात दुसरं आलं. ती बुरख्यातली बाई शिंप्याच्या दुकानापाशी असेल. एक हाक मारली असती तर ती फिरली असती. दोन पोरं झाली असती. रॉकेलच्या रांगेत जाऊन ओरडलं असतं तर आणखी दोन मिळाली असती. बाटली रीतसर फुटली असती आणि कुणाला बोलायला जागा राहिली नसती. हे त्याला त्या दिवशी सुचलंच नव्हतं. माईंना नको म्हणण्यातच त्याचं सगळं लक्ष होतं.

ती बाई पुढच्याच बुधवारी आली होती. तिच्या पोराला सुई लडकूच्या समोर मिळाली. वर्षभराने ते पोर गल्लीत पेटीमागे धावताना दिसलं. लडकूने पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

त्यानंतर त्याने गोवराच्या सुईसाठी आलेलं एकही पोर परत पाठवलं नाही. एक जरी आई बाकावर येऊन बसली, तरी तो तिला थांब म्हणून सांगे आणि गल्ल्यांत शिरे. कड्या वाजवी, लूमच्या खोल्यांत डोकवे, नळावरच्या बायांना गाठी. कधी अर्ध्या तासात, कधी दोन तासांनी चार पोरं गोळा करून आणी. "चाचा तो वारंट लेके आते हैं," बाया म्हणत. उन्हातून आला की त्याची छाती वाजे. माई बस म्हणत, तर तो बसत नसे.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात तुळजाला मुलगा झाला. नाव केसरीनाथ. लडकूने त्याला जपून, लांबूनच खेळवलं. टोपी मात्र त्याच्या हाती दिली नाही. पहिल्या तीन सुया तुळजा दवाखान्यात घेऊन गेली, पण लडकू बर्फ आणायला गेलेला असताना. हे त्याच्या ध्यानात आलं होतं, त्याने विचारलं नव्हतं.

नववा महिना लागला तसा तो दिवस मोजू लागला. माईंना त्याने आधीच सांगून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दवाखान्यात घरच्यासाठी काही मागितलं. "माई, या खेपेला एकटा असला तरी फोडा," तो म्हणाला. माई म्हणाल्या, "अरे, विचारतोस काय." बुधवारच्या आधी, सोमवारी संध्याकाळी, तो घरी आला. तुळजा दाराशी मुलाला घेऊन बसली होती. वाक्य त्याने वाटेत जुळवून आणलं होतं.

"परवा बुधवार हाय," तो म्हणाला. "बाराला आण केसरीला. कुणी असो नसो, माई फोडणार हायेत. माजं बोलणं झालंय."

तुळजाने मुलाची बाही वर केली. दंडावर सुईचा लालसर ठिपका होता.

"मंडईजवळच्या डॉक्टरकडं दिली, शनिवारी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्याकडं बाटली फोडायला पोरं जमावी लागतात, मामा. माज्याकडं एकच हाय."

लडकू पायरीच्या कडेला, जरा अंतर ठेवून बसला. बरं केलंस, असं तो म्हणाला, पण शेजारचे माग चालू होते आणि तिला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. या सुईनंतर आठवड्याभराने थोडा ताप येतो, घाबरायचं नाही, अंग ओल्या फडक्याने पुसायचं, एवढं त्याच्या अगदी ओठांवर आलं. हजार बायांना त्याने ते सांगितलं असेल. त्याने ते सांगितलं नाही. मंडईजवळच्या डॉक्टरने सांगितलंच असणार.