दोन्ही कान दिसले पाहिजेत

फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोकं झाकलेलं नको, मागे पांढरं हवं आणि फोटो ताजा हवा. अर्जाखाली असं स्पष्ट लिहिलं होतं. एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. मी बीएस्सी झाले, लगेच लग्न झालं, आणि त्यानंतर परीक्षानळीला हात लागला नव्हता. पुढच्या महिन्यात माझं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे हा शेवटचाच अर्ज, आणि अर्जाचाही आजच शेवटचा दिवस. सकाळी एक जुना फोटो टाकून पाहिला, तर साइटनं तो परत फेकला. लग्नातला होता तो, मुंडावळ्या कापून काढलेला. बरोबरच आहे म्हणा, तसलं ध्यान कोण घेणार!

आम्ही बोरगाव मेघेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. एरवी मी आणि नवरा दोघंच. त्या आठवड्यात मात्र अल्लीपूरहून सासूसासरे आले होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाच होता. दर थोड्या वेळानं थेंब टाकावे लागत, आणि ते काम माझं. सासरे, म्हणजे मामाजी, यांना डोळ्याचं नुसतं नाव काढलं तरी घेरी येते. त्यामुळे वर्ध्यात जाऊन स्टुडिओत फोटो काढणं हा विषयच नव्हता.

आणि मामाजी घरात असले की माझ्या डोक्यावर पदर. पार कपाळापर्यंत. त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. आत्याबाईंना सांगायचं आणि त्यांनी मामाजींना सांगायचं, मग ते दोन हातांवर बसलेले का असेनात. खोलीत येण्याआधी मामाजी दाराशी खाकरतात, तेवढ्यात मी पदर सावरते. लग्न झाल्यापासून त्या माणसानं माझे कान पाहिलेले नाहीत. माणूस भला आहे, कधी एक वाकडा शब्द नाही. म्हणून तर राग कोणावर काढायचा हेच मला कळत नाही.

जेवणं झाल्यावर मी आणि आत्याबाई आतल्या खोलीत शिरलो आणि दार लोटून घेतलं. कूलर बाहेरच्या खोलीत, मामाजींच्या खाटेजवळ. आत मे महिना नुसता पेटलेला. पांढरी चादर शोधली, तर घरातल्या सगळ्या चादरींवर गुलाब आणि मोर. आत्याबाई म्हणाल्या, "यायचं धोतर हाय ना वं! कालच धुतलं." मग मच्छरदाणीच्या खिळ्यांना मामाजींचं धोतर ताणून बांधलं आणि मी त्याच्यापुढे उभी राहिले.

माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा तडकलेला, सगळे चेहरे धुक्यात येतात. मागच्या कॅमेऱ्याला टायमर लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवला, तर तो घसरला आणि कुकरचा सुंदर फोटो आला. मग आत्याबाई म्हणाल्या, "आण इकडे, मी काढतो." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचा काढला. दुसऱ्यांदा पंख्याचा काढला. घामानं पावडर वाहून गेली, ब्लाउज पाठीला चिकटला. शेजारणीला हाक मारावी, तर ती लग्नाला गावी गेलेली, दाराला कुलूप.

नवऱ्याला फोन लावला. तो बुटीबोरीला कंपनीत, ड्युटीवर.

"उद्या काढू ना मी," तो म्हणाला.

"साइट आजच बंद होते."

"मंग राहू दे ना. एवढं काय अडलं?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! काय अडलं? सकाळी हे डबा घेऊन निघून जातात, दिवसभर चार माणसांत बसतात-उठतात, आणि मला विचारतात काय अडलं. मी फोन ठेवला. खोली एवढीशी, पुढे पिठाचा डबा, मागे धोतर, दाराबाहेर मामाजी. मला अगदी कोंडल्यासारखं झालं. रडू येत होतं, पण फोटोत डोळे लाल दिसतील म्हणून तेही गिळलं.

तेवढ्यात दाराशी खाकरणं ऐकू आलं. मी झटकन पदर घेतला. लोटलेल्या दारातून सगळं ऐकू जातच होतं.

"तिले म्हणा," मामाजी बाहेरूनच आत्याबाईंना म्हणाले, "मायाजवळ नवा फोन हाय. मी काढतो."

मामाजींचा फोनवर हात चांगला बसलेला आहे. कपाशीच्या पानाखालची अळी इतकी साफ टिपतात की कृषी केंद्रवाला फोटो पाहूनच फवारा सांगतो. आत आले, खिडकीचा पडदा सरकवून उजेड पाहिला, फोन नीट धरला. जमिनीकडे पाहत म्हणाले, "हं. म्हणा तिले, तयार."

आणि इथंच घोडं अडलं. आता पदर काढायचा होता.

ज्या पदराला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या, तो खाली घ्यायला माझा हात उठेना. कोणी अडवलं नव्हतं. उलट आत्याबाईच म्हणत होत्या, "काढ ना वं, काय होते?" पण अंगावरचे कपडे काढायला सांगितल्यासारखं मला वाटलं. स्वतःचाच इतका संताप आला! डोक्यावरची सवय हातात कधी उतरली, मला कळलंच नव्हतं.

मी हलत नाही हे पाहून आत्याबाईंनी तोड काढली. "तुमी डोये मिटा," त्यांनी मामाजींना फर्मावलं.

मामाजींनी खरंच डोळे मिटले. मी पदर खाली घेतला. त्यांनी अंदाजानं बटण दाबलं. माझं अर्धं कपाळ आणि धोतराचा काठ आला. मी पदर घेतला, त्यांनी डोळे उघडून फोन पाहिला, पुन्हा मिटले, मी पुन्हा पदर काढला. आता नुसती हनुवटी आली. मग खिडकी आली. एकीकडे पट्टीवाल्या आत्याबाई, एकीकडे डोळे मिटलेले मामाजी, आणि मधे मी, जिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. हसावं की रडावं!

शेवटी मामाजींनी फोन खाली केला. भिंतीकडे तोंड करून, पण थेट मला म्हणाले, पहिल्यांदाच, "पोरी, पाह्यल्याबिगर फोटो कसा येईन?"

मी पदराचा काठ आणखी घट्ट धरला.

"मी तुले नाई पाहून राह्यलो," ते म्हणाले. "फोनात पाहून राह्यलो."

हे आम्हा दोघांनाही पटलं. खरंच पटलं, बाप्पा! त्यांनी फोन चेहऱ्यासमोर आडवा धरला, मी पदर खांद्यावर घेतला, केस कानामागे सारले. "हालू नोको," पानाला सांगावं तसं ते म्हणाले. एकाच झटक्यात फोटो आला. दोन्ही कान, ताठ मान, मागे स्वच्छ पांढरं. त्यांनी तो माझ्या फोनवर पाठवला, आणि मी तो उघडेपर्यंत पदर पुन्हा कपाळावर आला होता. साइट फिरत राहिली, फिरत राहिली. माझा जीव टांगणीला. दिवेलागणीला अर्ज गेला.

नोकरी लागली. आता रोज गळ्यात तोच फोटो अडकवून मी कॉलेजात जाते, ॲसिडच्या बाटल्या लावते, पोरापोरींवर ओरडते. ओळखपत्रात माझ्या मागे धोतर आहे हे तिथं कोणाला ठाऊक नाही. दिवसभर कान मोकळे असतात, वारा लागतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत सुट्टी घेऊन अल्लीपूरला गेले. गावात शिरताना ऑटोतच डोक्यावर पदर घेतला. संध्याकाळी अंगणात मामाजींकडे गावातले एक काका बसायला आले होते. मी चहा घेऊन बाहेर गेले, तर मामाजी त्यांना फोनात काहीतरी दाखवत होते. अळीची पानं असतील म्हणून मी पुढे गेले. तो माझा फोटो होता.

"हे आमची सून," मामाजी सांगत होते. आवाजात असा काही अभिमान होता की माझे पाय थबकले. "मोठ्या कॉलेजात लॅबमध्ये हाय."

काकांनी फोन हातात घेतला, जवळ धरला, बोटांनी मोठा करून पाहिला. "शिकेल दिसते," ते म्हणाले. "चेहऱ्यावर तेज हाय."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. माझी चाहूल लागताच मामाजी खाकरले आणि दोघांनीही माना खाली घातल्या. फोन मात्र तसाच उजळलेला, काकांच्या मांडीवर. त्या बाईचे दोन्ही कान दिसत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ती मीच आहे, इकडे पाहा ना!

मी कप खाली ठेवले, एका हातानं पदर आणखी पुढे ओढला आणि ओसरीवरच्या आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, त्यायले म्हणा, चहा ठेवला."