सूर्याच्या शिवेवरचे कण

खोडदच्या दुर्बिणीवर कामाला असलेला आमचा शेजारी रोज संध्याकाळी दूध न्यायला यायचा आणि सूर्य घेऊन बसायचा. चूक माझीच. पन्नाशी उलटली तरी मला शहाणं दिसायची भारी हौस. पहिल्या दिवशी सगळं कळल्यासारखी मान हलवली, ती पुढं वर्षभर हलवत बसले.

“वहिनी, सूर्याचा वारा जिथं थांबतो, ती त्याची शीव. तिथनं कण येत्यात. विजेचा भार असला की चुंबकाचा जोर त्यांना वाटेत वळवतो. भार गेला की मोकळे, सरळ येत्यात. आता त्यांना धरायला उपग्रह सोडलाय.”

बोलताना दुधाची किटली हवेत फिरायची. झाकण कधी लावायचा नाही. निम्मं दूध माझ्या ओट्यावर.

एकदा आमची म्हैस दावं तोडून पळाली. घर तिच्याच दुधावर चालायचं. मी रडकुंडीला आलेली आणि हा म्हणतो, “दावं तुटलं ना? मग तिला आता कोण वळवतंय? सरळ घरी येईल.”

“भाऊ, तुमचा सूर्य ठेवा तिकडं. माझी म्हस गेलीय.”

त्यानं किटली खाली ठेवली, पहिल्यांदाच झाकण लावलं आणि उसाकडं पळत सुटला.

थोड्या वेळानं म्हैस आपली आपण गोठ्यात येऊन उभी राहिली. मग बॅटरी घेऊन आम्ही त्याला शोधत फिरलो. हाका मारून माझा घसा बसला, तेव्हा तो चिखलानं माखून उसातून बाहेर आला.

“आली?”

“आली.”

“सरळ?”

मी पुन्हा मान हलवली.